सात दिवसांचा पास आणि सासूबाई

गोंदियाच्या बसस्थानकावर पासाच्या खिडकीशी मी उभी होते आणि मागून सासूबाई माझ्या पाठीत बोट टोचत होत्या. आतल्या बाबूंनी माझा अर्ज वाचला, दोन फोटो उलटेसुलटे करून पाहिले, आधारकार्डाची झेरॉक्स पाहिली, मग चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "सात दिन का? कहां जाना है, बाईजी?"

"कुठंच नाही," मी म्हटलं. "नुसतं फिरायचं आहे."

"सोच लो. सादी गाडीत बायकांले अर्धंच तिकीट हाय. हा पास पुऱ्या पैशाचा बनते. दिवसभर गाडीत बसून राहाल तवा कुठं परवडंल."

"दिवसभरच बसून राहाचं हाय," सासूबाई माझ्या खांद्यावरून म्हणाल्या.

बाबू वाकून त्यांच्याकडे पाहू लागले. "और अम्मा का पास?"

"माझा हाय नं." त्यांनी गळ्यात अडकवलेल्या प्लास्टिकच्या पाकिटातलं आधारकार्ड खिडकीच्या जाळीला टेकवलं. "माझा मरेपर्यंतचा हाय. हिचाच तेवढा सात दिवसाचा."

बाबूंनी मान हलवली आणि शिक्का उचलला.

सगळ्याचं मूळ त्या आधारकार्डात होतं. सासूबाईंची खरी जन्मतारीख कोणालाच माहीत नाही. त्यांच्या आईनं एवढंच सांगून ठेवलं होतं की गावचा तलाव पाळीवरून, म्हणजे बांधावरून, सांडला त्या साली तू झालीस. आधारच्या शिबिरात बसलेल्या पोराला तलावाशी काही देणंघेणं नव्हतं. त्यानं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून एक साल ठरवलं आणि तारीख टाकली एक जानेवारी. त्या हिशेबानं यंदा नवं वर्ष लागलं आणि आमच्या सासूबाई कागदोपत्री पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. आम्हाला त्याचं काहीच वाटलं नाही. घरात केकही आला नाही.

आठवडाभरानं त्या डोळे दाखवायला गोंदियाला निघाल्या. आम्ही राहतो आमगावला, तिथून गोंदिया म्हणजे थोडक्या वेळाचा रस्ता. गाडीत त्यांनी नेहमीप्रमाणे कार्ड दाखवून अर्ध्या तिकिटाचे पैसे पुढे केले, तर कंडक्टर म्हणाला, "आजी, आता पैसे नाही लागत तुमाले. पंचाहत्तर झाले." आणि मशीनमधून शून्य रुपयाचं तिकीट काढून त्यानं त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांचा विश्वासच बसेना. गोंदिया येईपर्यंत त्या पैसे मुठीत धरून बसल्या होत्या, कोणी परत मागायला आलं तर असावेत म्हणून. घरी आल्यावर त्यांनी ते तिकीट मला, माझ्या नवऱ्याला, शेजारच्या वहिनींना आणि दूध घालणाऱ्या बाईला दाखवलं.

"येतानी बी नाही मांगले," त्या प्रत्येकाला सांगत.

दोन दिवसांनी त्या घरातून नाहीशा झाल्या. मी समोरच्या खोलीत ब्लाउज शिवते, लग्नसराईचं काम अंगावर होतं, त्यामुळे दुपारपर्यंत माझ्या लक्षातच आलं नाही. मग पाहिलं तर त्या शेजारी नाहीत, देवळात नाहीत, विहिरीवर नाहीत. माझा नवरा राइस मिलमध्ये मशीनवर असतो. त्याला फोन करू की नको या विचारात मी चार वाजवले. साडेचारला सासूबाई पदरात किलोभर बोरं घेऊन दारात उभ्या.

"कुठं गेल्या होत्या तुम्ही?"

"देवरीले."

"काऊन?"

"गाडी जाऊन राहिली होती," त्या म्हणाल्या आणि बोरं धुवायला आत गेल्या.

त्यानंतर एकदा तिरोडा झालं, एकदा गोरेगाव. तिरोड्याहून येताना दोन गावं आधीच उतरल्या, कारण कोणाच्या तरी परसात मोठाले भोपळे दिसले होते. रात्री जेवताना नवरा मला म्हणाला, "तिचं कार्ड काढून ठेव कपाटात." मी म्हटलं, मी नाही ठेवणार, तुम्हीच सांगा त्यांना. तो आईला सांगायच्या भानगडीत पडला नाही. ताटावरून उठता उठता वैतागून म्हणाला, "मंग तूच जात जा तिच्या संग."

तो बोलून गेला, आणि मी ते परवानगी म्हणून धरलं.

त्याच आठवड्यात माझ्या शिलाई मशीनची मोटर जळाली. गोंदियाच्या मिस्त्रीनं मोटर उलटीपालटी करून आठ दिवस सांगितले. एकवीस वर्षांत मला सलग आठ दिवस रिकामे मिळाले नव्हते. त्या दुपारी मिस्त्रीच्या दुकानातून बाहेर पडले ती सासूबाईंना घेऊन, वाटेत फोटो आणि झेरॉक्स काढून, सरळ पासाच्या खिडकीवर.

तसा पास मला नवा नव्हता. माझं माहेर कामठ्याचं. कॉलेजला असताना कामठा ते गोंदिया असा माझा विद्यार्थी पास होता, आणि तीन वर्षं मी त्या एकाच रस्त्यावर जात-येत राहिले. महिन्याचा पासही तसलाच, त्यावर इथून आणि इथपर्यंत असं दोन्ही लिहिलेलं असतं, आणि त्या दोन नावांच्या पलीकडे तो नुसता कागद. या सात दिवसांच्या पासावर मात्र गावाचं नावच नव्हतं. माझा फोटो, माझं नाव, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, आणि सादी गाडी. बस्स.

बाबूंनी नियम सांगितले. पास दुसऱ्या कोणी वापरला तर जप्त होईल. हरवला तर दुसरा मिळणार नाही. पहिला दिवस लागताच रात्री बाराला सुरू होईल, सातव्या दिवशी रात्री बाराला संपेल. सादीपेक्षा वरच्या गाडीत चालणार नाही. राज्याच्या हद्दीबाहेर चालणार नाही. आणि जागेचा हक्क नाही, बसायला मिळालं तर मिळालं.

"म्हंजे उभं राहून जावं लागंल?" सासूबाईंनी विचारलं.

"गर्दी असली तर."

"मले कोनी ना कोनी उठून देते जागा," त्या म्हणाल्या. "हिचं पाहा तुमी."

पहिल्या दिवशी सकाळी आठला आम्ही आमगावच्या स्थानकावर होतो. डब्यात पोळ्या, आंब्याचं लोणचं, पाण्याची बाटली. जी गाडी पहिली येईल तिच्यात बसायचं एवढंच ठरलं होतं. आली ती गोंदियाची. आम्ही चढलो. कंडक्टर जवळ आला तसा मी पास उगाच पदराआड धरला, जणू मी काही लबाडी करते आहे. मी पास पुढे केला. त्यानं तारीख पाहिली, फोटो पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि पुढे निघून गेला.

आयुष्यात पहिल्यांदा मला कंडक्टरनं "कुठं?" असं विचारलं नव्हतं.

सासूबाईंना मात्र त्यानं विचारलं. त्यांचं तिकीट शून्य रुपयाचं असलं तरी त्यावर गाव लागतं. "आजी, कुठं?"

"गाडी कुठंवरी जाते?"

"गोंदियापर्यंत."

"मंग तितंवरीच दे."

त्यांची ही रीत सात दिवस चालली. गाडी कुठंही जात असो, त्या शेवटपर्यंतचं तिकीट घेत. मध्येच उतरलो तर उरलेला रस्ता तिकिटात तसाच राही आणि त्याचं त्यांना वाईट वाटे. मला त्यांच्यापुढे श्रीमंतीण झाल्यासारखं वाटे. त्यांचं मरेपर्यंतचं खरं, पण माझ्या पासावर गावच लिहिलेलं नव्हतं.

पहिल्या दोन दिवसांत आम्ही अक्षरशः वेड्यासारख्या वागलो. गोंदियाहून तिरोड्याच्या गाडीत बसलो आणि मधल्या एका फाट्यावर आलूबोंड्याची कढई दिसली म्हणून उतरलो. आलूबोंडे खाऊन होतात न होतात तोच उलट्या दिशेची गाडी आली, म्हणून तिच्यात चढलो. गोंदियात उतरलो तर समोर गोरेगावची गाडी सुटत होती. सासूबाईंनी हात दाखवला, ड्रायव्हरनं गाडी थांबवली, आम्ही धावत चढलो आणि बसल्यावर दोघींना इतकं हसू फुटलं की पुढच्या बाकावरचे गृहस्थ वळून पाहायला लागले. कशाला हसतोय ते आम्हाला सांगता आलं नसतं.

सासूबाईंचं माहेर तलाव बांधणाऱ्यांचं. त्यामुळे खिडकीची जागा त्यांना हवीच असे, आणि रस्त्याकडेला तलाव दिसला की त्या नापास-पास करत जात. "याची पाळ पाह्य, कशी पोट काढून बसली हाय. यानं पानी सोडाचं तोंड चुकीच्या जागी ठेवलं." एखादा मनासारखा तलाव आला की त्या नुसते हात जोडत. शेजारी बसलेले लोक देऊळ शोधत राहत.

दुसऱ्या दिवशी आम्ही कामठ्याला माझ्या माहेरी गेलो. वहिनी अंगणात होत्या, त्यांनी चहा केला, आम्ही गप्पा मारल्या आणि परतीच्या गाडीनं निघालो. गोंदियात पोचलो तर फलाटावर कामठ्याची गाडी उभी, रिकामी, ऊन खात. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. तीन वाजता आम्ही परत वहिनींच्या दारात.

वहिनी घाबरल्या. "काही राहिलं का, ताई?"

"नाही," मी म्हटलं. "गाडी इकडंच येऊन राहिली होती."

वहिनींनी आमच्या दोघींच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुन्हा चहा ठेवला. रात्री दादाचा फोन माझ्या नवऱ्याला आला, घरी सगळं ठीक आहे ना म्हणून.

चौथ्या दिवशी आम्ही देवरी गाठली. स्थानकाच्या कोपऱ्यात एक गाडी उभी होती, जंगलातल्या एका गावाची, दिवसातून दोनच फेऱ्या. आम्ही कधी नाव न ऐकलेलं गाव. सासूबाई आधीच चढून खिडकीशी बसल्या होत्या. कंडक्टर एक तरणी बाई होती, खाकी साडी, डोक्यावर पदरासारखा गुंडाळलेला रुमाल. तिनं माझा पास निरखून पाहिला. "तिकडं पाहासारखं काही नाही, काकू."

"म्हनूनच चाललो," सासूबाई म्हणाल्या.

गाडी सुटून थोडा वेळ झाला असेल. आमच्या पुढच्या बाकावर एक बाई मांडीवर पिशवी घेऊन बसली होती आणि तिचे खांदे हलत होते. आधी वाटलं खोकते आहे. मग कळलं, रडते आहे. सासूबाईंनी सरळ तिच्या खांद्यावर हात ठेवला. "काय झालं व?"

ती नवरीची मावशी होती. दुपारी भाचीचं लग्न. ब्लाउज देवरीच्या टेलरकडे टाकलेला, तो आणायला ती पहाटे कोणाच्या तरी मोटरसायकलवर आली होती. गाडीत बसल्यावर जुन्या ब्लाउजावर ठेवून पाहिला, तर नवा दोन बोटं लहान. उतरून परत जायला वेळ नाही, कारण ही गाडी चुकली तर पुढची थेट दुपारी तीनला.

"मी आता तिले काय तोंड दाखवू," ती म्हणत होती. "सकाळपासून वाट पाहून राहिली असंल पोरगी."

मी हात पुढे केला. "दाखवा इकडं."

लाल ब्लाउज, सोनेरी काठ. मी तो उलटा केला आणि बाजूची शिवण बोटांनी चाचपली. आम्ही शिवणारे लोक शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड राखून ठेवतो त्याला माया म्हणतो. देवरीच्या त्या टेलरनं माप चुकवलं होतं, पण माया भरपूर सोडली होती, दोन्ही बाजूंना चांगली बोटभर.

"होते," मी म्हटलं. "शिवण उसवून बाहेर घ्यायची. सुईदोरा आहे माझ्याकडे. पण या धक्क्यांमध्ये ब्लेड चालवता येणार नाही. खाली बसून करावं लागेल."

तिनं पदरानं डोळे पुसले. "तुमी कुठं उतरता?"

मी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, "आमचं काही ठरलं नाही, बाई. तू म्हनशील तितं."

त्या बाईला ते कळलंच नाही. तिला वाटलं आम्ही तिच्या समाधानासाठी आपलं काम सोडतो आहोत. ती पुन्हा रडू लागली. तेव्हा कंडक्टर बाईनंच तिला समजावलं की यांच्याजवळ कुठंही उतरायचा पास आहे, तू चिंता करू नको.

गाव लहान होतं, शेणानं सारवलेली अंगणं, मांडवाला जांभळीच्या फांद्या. गाडीतून मावशीसोबत आम्ही उतरलो तसे चारदोन बायका धावत आल्या. गोंडीत काय बोलणं झालं ते कळलं नाही, पण मला हाताला धरून आत नेण्यात आलं. नवरी हळदीनं माखलेली, वीस-एकवीस वर्षांची, डोळे सुजलेले. मी खाली बसले, ब्लेडनं टाका टाका उसवला आणि बारीक हातशिलाई घालायला लागले. माझ्याभोवती बायकांचं एवढं कोंडाळं झालं की उजेड अडला. मी म्हटलं, उजेड सोडा. सगळ्या एकदम मागे सरकल्या, आणि दोन मिनिटांत परत तिथंच.

बाहेर ढोल सुरू झाला होता. माझं अर्धं लक्ष तिकडं, कारण सासूबाई तिकडं होत्या.

तासाभरात ब्लाउज झाला. नवरीनं घातला, मी पाठीवरचे हूक लावले, ते न ओढता लागले. तिनं मोठा श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला, हात वर करून पाहिले, मग एकदम मिठी मारून तिनं माझ्या गालाला सगळी हळद फासली. मावशी दाराशी उभी राहून हसत होती, आणि हसता हसता तिचं नाकही वाहत होतं.

मी बाहेर आले. मांडवासमोर बायकांनी एकमेकींच्या कमरेत हात गुंफून रांग केली होती आणि ती रांग रेला या गोंडी नाचाच्या गाण्यावर पुढे-मागे झुलत होती. रांगेच्या बरोबर मध्ये आमच्या सासूबाई. एका बाजूला त्यांच्याच वयाची एक आजी, दुसऱ्या बाजूला कोणीतरी पोरगी. गाण्यातला एक शब्द त्यांना येत नव्हता, तरी तोंड सगळ्यांच्या बरोबरीनं उघडत होतं. पाय मात्र चुकत नव्हते. एकवीस वर्षं मी त्या बाईच्या घरात नांदते आहे. गुडघे दुखतात म्हणून त्या पाटावर बसत नाहीत, त्यांना खुर्ची लागते. मला पाहिल्यावर त्यांनी नाचता नाचताच हनुवटीनं खूण केली. मी चप्पल काढली आणि रांगेत शिरले.

जेवण पळसाच्या पत्रावळीवर होतं. भात, वरण, वांग्याची भाजी, बुंदी. लग्न लागलं, अक्षता उडाल्या, आणि कोणीतरी म्हणालं चारची गाडी आली. आम्ही दचकून उठलो. ही चुकली तर रात्र तिथंच. पदर सावरत रस्त्यावर आलो तर गाडी उभी, आत चिटपाखरू नाही.

"डायवर कुठं गेला?" सासूबाईंनी विचारलं.

मांडवाकडे बोट दाखवण्यात आलं. मघाशी आम्ही उठलो त्याच पंगतीत आता ड्रायव्हर आणि कंडक्टर बाई बसले होते. गाडीला सुटायला अजून वेळ होता, आणि नवरीच्या बापानं त्यांना हाताला धरून बसवलं होतं. आम्ही निवांत परत गेलो आणि अजून थोडी थोडी बुंदी घेतली.

निघताना गाडी पाहुण्यांनी गच्च भरली. नवरीचा बाप, कपाळावर कुंकू, गळ्यात गमछा, दारात उभा राहून कंडक्टर बाईला म्हणाला, "या दोघीचं तिकीट मी देतो."

"यांचं तिकीट लागत नाही, दादा."

"लागत कसं नाही? माझ्या पाहुन्या हायेत."

"एकीचा पास हाय, दुसरीचं फुकट हाय."

"ते मले माहीत नाही. तू फाड."

"पासवाल्याले मी तिकीट देऊच शकत नाही," ती म्हणाली.

त्याचा चेहरा पडला. लग्नघरच्या माणसाला पाहुण्यासाठी खर्च करू न देणं म्हणजे त्याचा अपमान. गाडी सुरू झाली होती, तरी तो वळून पळाला, आणि कोणाच्या तरी हातातून ओढून आणलेली बुंदीची अख्खी टोपली त्यानं खिडकीतून सासूबाईंच्या मांडीवर ठेवली. देवरी येईपर्यंत ती टोपली सगळ्या गाडीतून फिरली. कंडक्टर बाई तिकीट फाडायची आणि चिकट बोटं रुमालाला पुसायची.

नवऱ्यानं दार उघडलं तेव्हा माझ्या गालावर हळद आणि त्याच्या आईच्या हातात रिकामी टोपली. त्यानं आधी टोपलीत वाकून पाहिलं. मग त्यानं विचारलं, "कोनाचं लगीन होतं?"

"नाव नाही विचारलं," सासूबाई म्हणाल्या.

त्यानं हसू दाबायचा प्रयत्न केला, त्याला जमलं नाही. त्या दिवसापासून त्यानं कार्ड काढून ठेवायचं पुन्हा कधी म्हटलं नाही.

पाचव्या दिवशी दोघींचे पाय सुजले होते. आम्ही गोंदियाच्या फलाटावरच बाकावर बसून राहिलो, गाड्यांच्या पाट्या वाचत, संत्री सोलत. सासूबाईंना वाचता येत नाही, त्या रंगावरून आणि ड्रायव्हरच्या मिशांवरून गाडी ओळखतात, आणि बहुतेक वेळा बरोबर असतात.

सहाव्या दिवशी त्यांनी बालाघाटची गाडी हेरली. मी म्हटलं, ती दुसऱ्या राज्यात जाते, आपलं चालणार नाही. त्यांनी कंडक्टरलाच गाठलं. तो भला माणूस होता. म्हणाला, "आजी, बाघनदीच्या पुलाच्या अलीकडंवरी तुमचं फुकट, पूल आला का पुऱ्या पैशाचं."

"मंग अलीकडंच सोड."

त्यानं आम्हाला पुलाच्या अलीकडे सोडलं. दोन्ही बाजूंना लाखोळीच्या डाळीची शेतं, खाली नदीचं उथळ पाणी, वाळूत बगळे. गाडी धुरळा उडवत पुलावरून पलीकडे गेली. सासूबाई तिच्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी लुगड्याचा काठ जरा वर घेतला आणि चालू लागल्या.

"कुठं चालल्या?"

"पायानं गेल्यावर कोन तिकीट मांगते?"

आम्ही पुलावरून चालत गेलो. ट्रक जवळून गेला की मी त्यांना कठड्याकडे ओढायची. पलीकडे पोचल्यावर त्यांनी पाय आपटून जमीन पाहिली, इकडे तिकडे नजर टाकली. रस्त्याकडेला एक चहाची टपरी होती. तिथल्या माणसानं हिंदीत विचारलं, कहां से आई हो, अम्मा. "महाराष्ट्र से," सासूबाई म्हणाल्या, अशा थाटात की जणू आठवडाभराचा प्रवास करून आल्या आहेत. त्यांनी उभ्यानंच कपभर चहा घेतला, परदेशचा चहा म्हणून त्याला नावं ठेवली, आणि आम्ही पूल ओलांडून परत आपल्या हद्दीत आलो.

सातव्या दिवशी सकाळी त्या उठल्याच नाहीत. कमर धरली होती. मी डबा भरत होते, तर पलंगावरून म्हणाल्या, "मी नाही येत आज. माझं काय, उद्या बी हाय. तुझा आजचाच उरला. तू जा."

"एकटी?"

"मी देवरीले एकटीच गेली होती ना."

मी एकटी निघाले. खरं सांगते, पहिल्या गाडीत मला चोरट्यासारखं झालं. लग्न झाल्यापासून मी कापड आणायला, दवाखान्यात, माहेरी, लग्नाला, मयताला गेले होते, पण कशासाठीच नाही अशी एकटी कधी गेले नव्हते. सालेकशाच्या गाडीत ड्रायव्हरच्या मागची जागा मिळाली. ऊन मांडीवर पडलं होतं. अर्ध्या रस्त्यात चप्पल काढून पाय पुढच्या दांडीवर टेकवले, आणि कोणी पाहत नाही असं बघून ते तिथंच ठेवले.

दुपारी परतताना एका शाळेसमोर गाडी थांबली आणि निळ्या गणवेशातल्या वीसेक पोरी आत घुसल्या. सगळ्यांच्या हातात पास. माझ्या बाकावर तिघी बसल्या, एक माझ्या मांडीवरच टेकली. कंडक्टर येईपर्यंत त्या एकमेकींच्या पासावरचे फोटो हिसकावून पाहत होत्या. एकीचा डोळे मिटलेला फोटो होता, दुसरीचे कान एवढे बाहेर आलेले की तिनं बोटानं ते झाकले होते.

"काकू, तुमचा बी पासच हाय का?" मांडीवरच्या पोरीनं विचारलं.

मी दाखवला. माझा फोटो आधीच्याच आठवड्यात काढलेला, फोटोवाल्यानं "मान सरळ" म्हणून हनुवटी इतकी वर केली होती की मी छताला पाल शोधते आहे असं दिसतं. पोरींनी तो पाहिला, क्षणभर मोठ्या माणसाची मर्यादा पाळली, आणि मग ती मोडली. मीही मोडली. पास पुढच्या बाकावर गेला, तिथून मागच्या बाकावर, प्रत्येक ठिकाणी हशा पिकला, आणि कंडक्टर माझ्यासमोर उभा राहिला तेव्हा पास कुठं आहे ते मला माहीत नव्हतं. "दुसऱ्याच्या हाती गेला तर जप्त होते," तो म्हणाला, पण पास परत येईपर्यंत थांबला, आणि त्यानंही फोटो जरा जास्तच वेळ पाहिला.

दिवस मावळायच्या आत मी घरी पोचले. सासूबाईंनी कमर धरून का होईना, भात टाकला होता आणि चवळीची भाजी केली होती. त्या जेवायला खुर्चीवर बसल्या, मी खाली.

"कोनतं कोनतं गाव झालं?" त्यांनी विचारलं.

मी सांगायला लागले. आधी हे, मग ते, मग नदी लागली. त्यांनी घास खाली ठेवला. "नदीच्या आदी तलाव लागते. दोन पाळीवाला."

"मला नाही दिसला."

"तू उजव्या खिडकीत बसली असशील," त्या म्हणाल्या, आणि माझ्या ताटात भात वाढून त्यांनी तो सगळा रस्ता मला पहिल्यापासून सांगायला घेतला.